एका नावाचे दोन फायरफॉक्स

लिनक्सवर ब्राउझर अद्ययावत केला, तरी पडद्यावर जुनाच आवृत्तिक्रमांक दिसतो, अशी तक्रार संशोधक विद्यार्थ्यांकडून पुष्कळदा ऐकू येते. दोष बहुधा अद्ययावतीकरणाचा नसतो. एका संज्ञेखाली दोन वस्तू नांदत असतात. (भाषाभ्यासकास ही अवस्था अपरिचित नसावी.) उबुंटू २२.०४ (२०२२) मध्ये फायरफॉक्स ‘स्नॅप’ रूपाने येतो. ‘एपीटी’तील त्याच नावाचे पॅकेज केवळ स्नॅपकडे बोट दाखविते. मोझिलाकडून स्वतंत्र प्रत उतरविली असल्यास ती आणखी निराळी. टर्मिनलमध्ये ‘टाइप -ए फायरफॉक्स’ अशी आज्ञा दिली असता शोधमार्गातील सर्व प्रती क्रमाने दिसतात. त्यांतील पहिली चालते. मेन्यूतील चिन्ह मात्र हा क्रम मानीलच असे नाही. त्याच्या ‘डेस्कटॉप’ फाइलीत लिहिलेली आज्ञा ते पाळते.

वाचनखुणा ‘नाहीशा’ होतात त्याही याच कारणाने, कारण स्नॅपची प्रोफाइल वेगळ्या ठिकाणी असते. म्हणून प्रथम ‘अबाउट:सपोर्ट’ हे पान पाहावे. चालू प्रतीचा क्रमांक व प्रोफाइलची जागा तेथे दिलेली असते. प्रोफाइलची नक्कल घेतल्यावाचून कोणतीही प्रत काढू नये. स्नॅपबरोबर त्याची प्रोफाइलही जाते; आणि नव्या आवृत्तीत वापरलेली प्रोफाइल जुनीत उघडण्यास फायरफॉक्स ६७ व्या आवृत्तीपासून (२०१९) हरकत घेतो.