एंजिनाचें निदान

ज्या घरांत एकच माणूस एकाच दुखण्यानें वरचेवर अंथरूण धरतें, त्या घरांत दोन पक्ष हटकून पडतात. एक म्हणतो, वैद्य बदला; दुसरा म्हणतो, ह्याचें पथ्यच नीट नाहीं. दुखण्याचें मूळ कोठें आहे असें विचारणारा तिसरा मनुष्य क्वचितच भेटतो. शिरपूरला आमच्या घरीं हा प्रकार माणसाच्या नव्हे, तर एका जुन्या मोटारीच्या बाबतींत घडला. त्यांत एका निरपराध मुलावर ठपका आला, आणि तो ठेवणाऱ्यांत मीहि होतों; म्हणून हा वृत्तान्त लिहीत आहें.

मोटार माझ्या दिवंगत वडील बंधूंची. जात प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ह्या गाड्या तयार होत; इ. स. २००० च्या सुमारास त्यांचें उत्पादन थांबलें. दादांच्या पश्चात् गाडी विकावी असें कोणाच्याच मनांत आलें नाहीं. पुढें एंजिन फार धूर ओकूं लागलें, तेव्हां तें उतरवून नव्यानें बांधून घेतलें. सिलिंडर मोठे करून नवे पिस्टन बसविले. पिस्टनांच्या वरखालीं होण्याचें गरगर फिरण्यांत रूपांतर करणारा जो पोलादी दांडा, ज्यास क्रँकशाफ्ट म्हणतात, तो ग्राइंडिंगच्या दगडावर घासून गुळगुळीत केला, आणि त्याच्या नव्या मापाचीं बेअरिंगें घातलीं. खर्च असा झाला कीं माडीचें छप्पर दुरुस्त करण्याचा बेत पुढें ढकलावा लागला.

एंजिन बांधून नऊशें किलोमीटर झाले नाहींत तोंच नवरात्रांत बिजासनी देवीच्या दर्शनास जातांना, पळासनेर मागें टाकून घाट चढत असतां, एंजिनाच्या पोटांतून टक् टक् असा ठोका ऐकूं आला. गाडी ओढून परत आणली. बेअरिंग गेलें होतें. नवें घातलें. तें सहाशें किलोमीटरवर, सावळद्याचा तापीवरील पूल ओलांडतांना गेलें. तिसरें तर थाळनेरच्या वाटेवर, चारशें किलोमीटरच्या आंतच गेलें.

प्रत्येक वेळीं कारण नवें निघालें. प्रथम बेअरिंगाचा माल हलका ठरला. दुसऱ्यांदा तेल पातळ ठरलें, म्हणून घट्ट तेल घातलें. तिसऱ्यांदा मिस्त्री म्हणाले, "पोरगा गाडी फार ताणतो, घाटांतहि गियर बदलीत नाहीं." पोरगा म्हणजे माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा. घरांत गाडी मुख्यतः तोच चालवी. जेवणाच्या पंक्तींत सर्वांसमक्ष मीं त्यास चार शब्द सुनावले, त्याच्या वडिलांनीं आठ सुनावले, आणि गाडीच्या किल्ल्या त्याच्याकडून काढून घेतल्या. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानंतर महिनाभर तो आमच्यापैकीं कोणाशींच फारसा बोलला नाहीं, आणि ओट्यापुढें उभ्या असलेल्या त्या गाडीकडे पाहण्याचें सर्वच जण टाळूं लागले.

येथें बेअरिंग म्हणजे काय हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. त्या शब्दाबरोबर बहुतेकांच्या डोळ्यांपुढें सायकलीच्या चाकांतील छरे येतात. एंजिनाचें हें बेअरिंग तसें नसतें. पोलादी पाठीवर मऊ धातूचा पातळ थर दिलेल्या दोन अर्धगोल वाट्या एकमेकींस मिटविल्या म्हणजे एक बेअरिंग होतें, व त्यांत शाफ्टाची मान फिरते. मान आणि वाटी ह्यांमधील फट एका मिलिमीटराच्या विसाव्या भागाच्या आसपास असते. तेवढ्या फटींत पंपाच्या जोरानें तेल येतें. आणि शाफ्ट फिरूं लागला कीं तो तें तेल आपल्याबरोबर ओढून पाचरीसारखें आपल्याखालीं सारतो. मग धातूस धातु लागतच नाहीं. एवढा जड दांडा तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो.

ही गोष्ट इंग्लंडांत बीचम टॉवर नांवाच्या एंजिनियरास जवळजवळ योगायोगानें कळली. बेअरिंगांतील घर्षणाचे त्याचे प्रयोग १८८३ सालीं प्रसिद्ध झाले. बेअरिंगाच्या माथ्यावर पाडलेल्या भोकांतून तेल वर येऊं लागलें म्हणून त्यानें लांकडी बूच ठोकलें, तों शाफ्ट फिरत असतां तें बूच आपोआप बाहेर ढकललें गेलें. मग तेथें दाब मोजण्याचें यंत्र लावल्यावर तेलाच्या त्या पातळ थरांत केवढा दाब उत्पन्न होतो तें दिसून आलें. त्याची गणिती उपपत्ति ऑस्बोर्न रेनॉल्ड्स ह्यांनीं १८८६ सालीं मांडली. तात्पर्य, तो पापुद्रा अखंड आहे तोंवर बेअरिंग झिजण्यास फारसें कारण नाहीं. तें मेलें, तर बहुधा दुसऱ्या कोणाच्या अपराधानें मेलें असें समजावें.

हें ज्ञान मला मागाहून झालें. तें करून देणारे धुळ्याचे एक वृद्ध कारागीर. उभा जन्म लेथवर गेलेला. आमच्या एका स्नेह्यांच्या शब्दाखातर ते शिरपूरला आले. गाडीकडे त्यांनीं पाहिलेंसुद्धां नाहीं. ओसरीवर बसून पाणी पितांना म्हणाले, "गुरुजी, जुन्या वाट्या कुठें आहेत?"

"त्या भंगारांत गेल्या असतील," मीं म्हटलें.

तेव्हां पुतण्या मुकाट्यानें आंत गेला व बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला. आंत तिन्ही वेळच्या वाट्या कागदांत वेगवेगळ्या गुंडाळलेल्या होत्या; प्रत्येक पुडीवर तारीख, सिलिंडराचा अनुक्रमांक, वरची कीं खालची वाटी, आणि एंजिन किती किलोमीटर चाललें होतें, हें सर्व लिहिलेलें. इतकी नेटकी प्रयोगवही मीं माझ्या शिक्षकीच्या सबंध काळांत थोडीच पाहिली असेल.

म्हाताऱ्यांनीं त्या वाट्या धोतरावर ओळीनें मांडल्या आणि भिंगानें पाहूं लागले. पाहतां पाहतां ते आम्हांस शिकवीतहि होते. तेल मुळींच न पोंचल्यानें गेलेल्या वाटीवरील मऊ धातु घासून, वितळून, पुसल्यासारखी पसरते. दांडी वांकडी असेल तर वाटी एकाच कडेस झिजते. वाटी बसवितांना तिच्या पाठीमागें कण राहिला तर तेवढ्याच जागीं चकचकीत डाग पडतो. फाजील ताणामुळें थकलेल्या धातूचे टवके उडतात. आमच्या वाट्यांवर ह्यांपैकीं कांहीं नव्हतें. त्यांवर फिरण्याच्या दिशेनें बारीक ओरखडे होते, आणि मऊ धातूंत रुतलेले कण उन्हांत चमकत होते. मुलानें एंजिन ताणलें असतें तर टवके दिसले असते. दिसत होती ती घाण.

"पण घाण आली कुठून?" असें विचारून त्यांनीं पुड्यांचे दोन भाग केले. पिस्टनच्या दांडीच्या, म्हणजे बिग-एंडच्या वाट्या तिन्ही वेळीं खरवडून गेलेल्या. ज्यांवर शाफ्ट स्वतः टेकतो त्या मेन बेअरिंगाच्या वाट्या मात्र जवळजवळ स्वच्छ. "तेल आधीं कुठें जातें?"

मला उत्तर ठाऊक नव्हतें. पुतण्या म्हणाला, "चेंबरमधून पंपांत, तेथून फिल्टर, मग मेन बेअरिंग, आणि तेथून शाफ्टाच्या पोटांतल्या भोकांनीं बिग-एंडला."

"मग घाण चेंबरांत असती तर?"

"मेन आधीं खरवडलें असतें."

क्षणभर सर्व स्तब्ध झाले. घाण मेनच्या पुढें आणि बिग-एंडच्या अलीकडे होती. म्हणजे ती शाफ्टाच्या पोटांतच होती. धूर आणि अग्नि ह्यांच्या दृष्टान्तानें अन्वयव्यतिरेक मीं कित्येकांस समजावून दिला होता. पण माझ्याच ओसरीवर तो मला उमगला नव्हता.

शाफ्टाच्या पोटांत तेलासाठीं आडवीं भोकें पाडलेलीं असतात, व त्यांचीं तोंडें लहान बुचांनीं बंद केलेलीं असतात. ग्राइंडिंग झाल्यावर तीं बुचें काढून भोकें आरपार धुवावीं लागतात. नाहींतर दगडाची भुकटी आंतच बसते. आमच्या बाबतींत तें कोणी केलें नव्हतें. घासणाऱ्यास वाटलें, बांधणारा धुईल. बांधणाऱ्यास वाटलें, घासणाऱ्यानें धुतलें असेल. एंजिन तापलें, तेल वाहूं लागलें, कीं ती भुकटी थोडथोडी सुटून बेअरिंगांत येई. पहिलें बेअरिंग गेलें तेव्हां त्याचा चुराहि पंपामार्गें फिरून त्या आडबाजूच्या भोकांत जाऊन बसला. म्हणूनच दुसरें पहिल्यापेक्षां लवकर गेलें, आणि तिसरें त्याहून लवकर.

शाफ्ट उतरवून त्यांनीं बुचें काढलीं आणि खालीं पांढरें फडकें धरून भोकांत रॉकेल सोडलें. काजळासारखा दाट चिखल बाहेर आला, आणि त्यांत अभ्रकासारखी चकाकी होती. तो पाहून माझे बंधु उठून आंत गेले. पुढें खरवडलेल्या माना मायक्रोमीटरनें मोजून पुढच्या मापास घासून घेतल्या. भोकें ब्रशानें व दाबाच्या हवेनें साफ करून नवीं बुचें बसविलीं. तेलाचा पंप उघडून धुतला, ब्लॉकमधील तेलवाटा धुतल्या, फिल्टर नवा घातला. एंजिन सुरू करण्यापूर्वीं पंप हातानें फिरवून सर्व वाटांत तेल भरून घेतलें, म्हणजे पहिलेच फेरे कोरडे पडूं नयेत.

आपल्या वैद्यकांत निदानपरिवर्जन म्हणून एक तत्त्व आहे: रोगाच्या कारणाचाच त्याग, हा चिकित्सेचा गाभा. माधवनिदानांत रोगज्ञानाचीं जीं पांच साधनें सांगितलीं आहेत, त्यांत उपशय हें एक आहे. उपायानें गुण आला कीं नाहीं, ह्यावरूनहि रोग ओळखावा. घट्ट तेलानें आम्हांस गुण आला नव्हता. तोहि एक पुरावाच होता. पण तो वाचण्याऐवजीं आम्हीं अपराधी शोधीत बसलों.

ज्यांच्या घरीं जुनी मोटार, ट्रॅक्टर अथवा मळ्यावरचें ऑइल एंजिन असेल त्यांस अनुभवाचे चार शब्द सांगतों. मोडलेला भाग टाकूं नये. खूण करून ठेवावा. एंजिन बांधतांना शाफ्टाचीं बुचें काढून भोकें धुतलीं काय, हें समक्ष विचारावें, आणि प्रत्येक बेअरिंगाची फट मोजून लिहून घ्यावी. ठोका ऐकूं येतांच किंवा तेलाचा दाब उतरतांच एंजिन तेथल्या तेथें बंद करावें. एकदां बेअरिंग गेलें कीं तेलाचा सारा मार्ग दूषित झाला असें समजून तो धुतल्यावांचून नवें बेअरिंग घालूं नये. नव्या बांधणीचें पहिलें तेल लवकर बदलावें, आणि जुना फिल्टर कापून आंत धातूचे कण आहेत काय तें पाहावें.

गाडी सुरू झाली त्या दिवशीं किल्ल्या मीं पुतण्याच्या हातीं दिल्या. चुकलों, एवढें म्हणण्यास मला बराच वेळ लागला. तो म्हणाला, "काका, डबा तुम्हांला आधींच दाखवायचा होता. पण कोणी विचारलें नाहीं." त्यानंतर दोन नवरात्रें झालीं. दोन्ही वेळीं बिजासनीचा घाट त्याच गाडीनें, आणि त्यानेंच गाडी चालवून, आम्हीं चढलों. डबा अद्यापि ओसरीवरच्या कोनाड्यांत आहे. घरांतल्या एखाद्या मुलावर रागें भरावें असें मनांत आलें, म्हणजे माझी दृष्टि आधीं तिकडे जाते.