नैरोबीचा नव्हे, आपल्याच खाचरातला

जुलै २०२२मध्ये सिक्कीममधल्या एका अभियांत्रिकी संस्थेतल्या शंभरेक विद्यार्थ्यांच्या अंगावर चट्टे उठले आणि ‘नैरोबी फ्लाय’ हे नाव मोबाइलवरून देशभर फिरले. पावसाळ्यात महाड-पोलादपूरकडे दिव्याखाली काळा-नारिंगी किडा दिसला, की तो आफ्रिकेतून आला असे सहज बोलून टाकता येते. ते खरे नाही. पूर्व आफ्रिकेत त्रास देणाऱ्या जाती आहेत पेडेरस सबाएअस आणि पेडेरस एक्झिमिअस. आशियात सर्वत्र आढळतो तो त्यांचा भाऊबंद, पेडेरस फुस्किपेस. त्याचे हे नामकरण १८२६मध्ये जॉन कर्टिस या इंग्रज कीटकतज्ज्ञाने केले. ब्रिटनपासून मध्य आशियामार्गे जपानपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत तो नोंदला गेला आहे. शिवाय ही माशी नव्हे, भुंगेराच आहे.

भुंगेरा वाटत नाही, हे मात्र खरे. लांबी जेमतेम सात मिलिमीटर, अंग भाताच्या दाण्याहून बारीक. डोके काळे, मान-छाती नारिंगी, पंखांवरची झाकणे निळसर-हिरवी आणि इतकी आखूड, की नारिंगी पोट उघडेच राहते. पोटाचे टोक काळे. शेपूट उचलून धावतो म्हणून कुणाला मुंगी वाटते, कुणाला विंचवाचे पिल्लू. नांगी त्याला नाही.

एवढे वर्णन जुळले म्हणजे जात ओळखली, हा जाणकारांचाही आवडता गैरसमज. पेडेरस या कुळीत सहाशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या अनेकींचा पोशाख हाच. खात्री करायची तर नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन नराचे जननेंद्रिय तपासावे लागते. माल्कम कॅमेरॉन या नौदलातल्या डॉक्टरने पेडेरस ज्यात मोडतो त्या भुंगेऱ्यांच्या मोठ्या कुटुंबातल्या भारतीय जातींवर १९३० ते १९३९ दरम्यान चार जाडजूड खंड लिहिले, ते काही हौसेने नव्हे. मोबाइलच्या फोटोखाली ‘पेडेरस’ लिहावे आणि थांबावे. प्रसाराच्या नकाशावरचा ठिपकाही एवढेच सांगतो, की तिथे कुणीतरी किडा पकडून नीट तपासला. एखाद्या तालुक्यात ठिपका नसला म्हणून तिथे किडा नाही, असे होत नाही.

त्याला हवी ओली माती. महाडकडच्या सावित्री, गांधारी, काळ या नद्यांचे काठ आणि त्यांच्या खोऱ्यातली भातखाचरे म्हणजे त्याच्या मनासारखी जागा. खाचरे सुकू लागली, कापणी झाली, की तो उडतो आणि घरातल्या दिव्यावर येतो.

मग अंगावर चट्टा उठला, की ‘किडा मुतला’ म्हणतात. तो मुतत नाही, चावतही नाही. त्याच्या रक्तातच पेडेरिन नावाचे विष असते. १९५३मध्ये इटलीत ते वेगळे काढायला अडीच कोटी किडे गोळा करावे लागले होते. पुढे कळले, की हे विष बनवतात त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू, आणि ते मुख्यतः माद्यांमध्ये असतात. अंगावर बसलेला किडा आपण चिरडतो, तेव्हाच ते कातडीला लागते. तासाभरात काही दिसत नाही, दिवसा-दीड दिवसाने रेघोटीसारखा लाल चट्टा आणि फोड उठतात. म्हणून किड्यावर संशय जातच नाही, जातो तो नागिणीवर. नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूचा आजार, शरीराच्या एका बाजूला मज्जातंतूच्या वाटेने उठणारा. पेडेरिनचा चट्टा जिथे किडा घासला तिथे, आणि कोपराच्या घडीत असला तर समोरासमोर दोन. हा चट्टा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. किडा फुंकून उडवावा, चिरडलाच तर जागा साबणाने धुवावी. हात डोळ्याला लागला तर मात्र डॉक्टरकडे जावे.

आणि खाचरात फवारणी करून त्याचा नायनाट करायचा विचार असेल, तर तो तिथे काय खातो ते आधी बघा: तुडतुडे आणि पाने गुंडाळणारी अळी.