धूर, लसूण आणि गोड रक्त : तंबूत झोपण्यापूर्वी

शनिवारी दुपारी नाशिकहून गाडी निघते ती भंडारदऱ्याला, वैतरणेच्या जलाशयाकडे नाहीतर त्र्यंबकच्या डोंगरांत. डिकीत तंबू, कोळसा, मसाला लावलेले चिकन, स्पीकर असे सगळे असते. कीटकांसाठी तयारी म्हणाल तर वाटेतल्या टपरीवर घेतलेले कॉइलचे एक पाकीट. रविवारी सकाळी हातापायांवर गांध्या उठलेल्या असतात आणि कोणी चुना सुचवतो, कोणी टूथपेस्ट.

घोटाळा इथेच होतो. चावणारा प्रत्येक जीव आपण एकाच मापाने मोजतो. डास, गोचीड, मधमाशी यांची वेळ, जागा आणि चावण्याचे कारण निरनिराळे असते, त्यामुळे त्यांच्यावरचा उपायही एकच असू शकत नाही.

गैरसमज : डास रात्री चावतात, अंधार पडल्यावर मलम लावू.

वस्तुस्थिती : डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारा एडिस डास दिवसाउजेडी चावतो. सकाळचे पहिले काही तास आणि सूर्यास्तापूर्वीची वेळ ही त्याची खास वेळ. आपण तंबू ठोकत असतो किंवा चहाचा पेला घेऊन पाण्याकडे बघत असतो, तेव्हाच तो कामावर असतो. मलेरियाचा ॲनॉफिलीस मात्र संध्याकाळपासून पहाटेपर्यंत फिरतो. म्हणून मलम गाडीतून उतरतानाच लावायचे आणि झोपताना पुन्हा.

गैरसमज : धरणाचे पाणी म्हणजे डासांचे आगर.

वस्तुस्थिती : लाटा उठणाऱ्या, मासे असलेल्या मोकळ्या पाण्यात डासांच्या अळ्यांचा निभाव लागत नाही. त्यांना हवे असते साचलेले, निवांत पाणी : काठावरची डबकी, गुरांच्या खुरांचे खड्डे, गडावरची न उपसलेली टाकी आणि मागच्या आठवड्यातल्या पाहुण्यांनी फेकलेले प्लास्टिकचे ग्लास. उबदार हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. तंबूसाठी जागा निवडताना गवताळ दलदल टाळा आणि वारा खेळणारी, थोडी उंचावरची मोकळी जागा घ्या. डास उडण्यात कच्चा असतो, वाऱ्यापुढे त्याचे चालत नाही.

गैरसमज : शेकोटीत कडुनिंबाचा पाला टाकला की काम झाले.

वस्तुस्थिती : धुराने डास थोडे कमी होतात, पण जिकडे धूर जातो तिकडेच. वारा फिरला की डास परत आणि शेकोटी विझली की आपण झोपेत उघडे. त्याहून वाईट सवय म्हणजे तंबूत कॉइल लावणे. एका कॉइलच्या धुरात ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. शिवाय तंबूचे कापड पेट घ्यायला वेळ लागत नाही. डिसेंबरच्या थंडीत निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेणे तर जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तंबूची जाळी शाबूत असणे आणि आत-बाहेर करताना चेन लगेच ओढणे, हे धुरापेक्षा कितीतरी खात्रीचे.

गैरसमज : ज्याचे रक्त गोड त्याला डास जास्त चावतात. लसूण खाल्ला की चावत नाहीत.

वस्तुस्थिती : काही माणसांना डास जास्त चावतात हे खरे, पण त्याचा रक्तातल्या साखरेशी संबंध नाही. डासाची मादी आपल्याला शोधते ती श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उबेवरून आणि त्वचेच्या वासावरून. हा वास प्रत्येकाचा वेगळा असतो. लसूण किंवा ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊन डास टळत नाहीत. गडद कपड्यांकडे डास जास्त आकर्षित होतात, तेव्हा फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे आणि सैल कपडे घाला.

गैरसमज : मोबाइलवरचे आवाजाचे ॲप किंवा मनगटावरचा पट्टा पुरेसा आहे.

वस्तुस्थिती : ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या यंत्रांवर मोकळ्या जागी झालेल्या दहा चाचण्यांचा आढावा २००७ साली घेतला गेला. त्यांच्यामुळे चावे कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. पट्टा फार तर मनगट राखेल, घोटा नाही. डीट किंवा पिकारिडिन असलेले मलम उघड्या त्वचेवर सगळीकडे सारखे लावले तरच उपयोग होतो. सनस्क्रीन आधी, हे मलम नंतर. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीट लावू नये, त्याच्यासाठी मच्छरदाणीच बरी.

गैरसमज : चिकटलेली गोचीड रॉकेल किंवा पेटत्या काडीने सुटते.

वस्तुस्थिती : गोचीड कीटकही नव्हे. ती आठ पायांची, कोळ्याच्या गोतावळ्यातली. चटका दिला की ती पोटातला ऐवज आपल्या अंगात ओकण्याची भीती असते. बारीक चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत पकडून सरळ, सावकाश वर ओढायची, पिळायची नाही. मग जागा साबणाने धुवायची. गुरे-शेळ्या बसतात त्या गवतात आणि गडावरच्या गुहांत ती भेटते. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली, तो आजार गोचिडीमार्फतच पसरतो.

गैरसमज : मधमाश्या मागे लागल्या तर पाण्यात उडी मारावी. डंखावर चुना लावावा.

वस्तुस्थिती : डोके वर काढेपर्यंत माश्या पाण्यावर घोंघावत राहतात. तोंड झाकून, हात न झाडता दूर पळणे आणि गाडीत किंवा बंद खोलीत शिरणे हाच मार्ग. पण हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्यांवर पळणे डंखापेक्षा धोक्याचे. म्हणून कड्यावर आग्या मोहोळ दिसले की त्याच्या खाली शेकोटी, स्पीकर आणि अत्तर तिन्ही वर्ज्य. नांगी अंगात राहिली तर नखाने काढा वा चिमटीने, पण क्षणाचाही उशीर नको, कारण विष उतरत असते. चुन्याने त्वचा भाजते, बर्फ लावा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा चक्कर आली तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा.

गैरसमज : सगळीकडे स्प्रे मारला की रान सुरक्षित.

वस्तुस्थिती : मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याच्या झाडांवर काजवे लखलखतात. काजवा कोणाला चावत नाही, पण कीटकनाशकाला डास आणि काजवा यांतला फरक कळत नाही. औषध आपल्या अंगावर लावा, झाडांवर नको.

गैरसमज : चावलेले दुखले नाही, म्हणजे काळजी नाही.

वस्तुस्थिती : स्क्रब टायफस पसरवणारी चिगर माइटची अळी डोळ्यांना दिसतही नाही आणि चावताना कळतही नाही. ती गवत-झुडपांत असते. साधारण दहा दिवसांत ताप येतो, काहींच्या काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी काळी खपली दिसते. २०१८ मध्ये विदर्भात या तापाने बळी घेतले. वेळेत ओळखला तर तो डॉक्सिसायक्लिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधाने बरा होतो, मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे. गवतावर थेट आडवे होऊ नका, परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि आंघोळ करताना अंग नीट तपासा.

सहलीनंतर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना लक्षणांबरोबर आणखी एक वाक्य आवर्जून सांगा : आम्ही रानात तंबूत झोपलो होतो. कोणती तपासणी करायची, हे पुष्कळदा त्या एका वाक्यावर ठरते.