परक्याचें पुडकें

कोंकणचा माणूस रिकाम्या हातानें प्रवास करीत नाहीं, असें म्हणतात. खरें पाहतां त्याला रिकाम्या हातानें कोणी जाऊंच देत नाहीं. आम्ही पेणेस राहतों. दिवा-रोहा गाडीची वाट पाहत स्थानकावर उभें असतां आजूबाजूस सहज नजर टाकावी, तर निम्म्या उतारूंच्या हातीं स्वतःच्या पिशवीखेरीज दुसऱ्या कोणाचें तरी एखादें पुडकें असतेंच. कोणाच्या लेकीसाठीं पोह्याचे पापड, कोणाच्या भावासाठीं कडवे वाल, कोणाच्या सुनेसाठीं डिंकाचे लाडू. एकानें "एवढें पोंचतें करा" म्हणावयाचें आणि दुसऱ्यानें आंत काय आहे हें न विचारतां तें घ्यावयाचें, हा आमच्याकडील शिष्टाचार. विचारणें म्हणजे अविश्वास दाखविणें. हा शिष्टाचार आम्हीं चाळीस वर्षें पाळला व शाळेंतील मुलांसही तोच शिकविला. त्याच्याविरुद्ध लेखणी उचलण्याची पाळी आमच्यावर यावी याचें आम्हांस वाईट वाटतें. पण पाळी आली खरी.

रोह्यास आमच्या थोरल्या भगिनीचें घर आहे. तिला सारेजण अक्का म्हणतात. तिचा नातू धाटावच्या एका कारखान्यांत कांहीं वर्षें काढून दुबईस नोकरीस लागला. गेल्या दिवाळीस तो घरीं आला होता. परत निघावयाच्या आदल्या दिवशीं आम्ही त्याला निरोप देण्यासाठीं रोह्यास गेलों. दिवेलागणीच्या सुमारास नदीपलीकडून, अष्टमीहून, एक गृहस्थ आले. घरोब्याचे, शांत स्वभावाचे. त्यांनीं पिशवींतून कापडांत शिवलेलें एक पुडकें काढलें. दुबईंतील त्यांच्या मेहुण्यास तें द्यावयाचें होतें. मेहुणा विमानतळावर स्वतः न्यावयास येणार होता. मुलानें हात पुढें केला, इतक्यांत आम्ही म्हणालों, "जरा थांब. हें आधीं उघडून पाहूं या."

माजघरांत एकदम शांतता पसरली. गृहस्थांचा चेहरा उतरला. अक्का आमच्याकडे अशा दृष्टीनें पाहूं लागली, कीं आम्हीं जणूं भर पंक्तींत पान उलथें केलें. "अरे, मुठीएवढ्या पुडक्यानें विमान का जड होणार आहे?" ती म्हणाली.

विमान जड होण्याची आम्हांस भीति नव्हती. आमच्या डोळ्यांपुढें मुंबईचें एक जोडपें उभें होतें.

त्या जोडप्याची हकीकत वर्तमानपत्रांत सविस्तर आली होती. जुलै २०१९ मध्यें हीं नवराबायको कतारची राजधानी दोहा येथें उतरलीं. सहलीचा सारा खर्च नवऱ्याच्या आत्यानें केला होता. भाच्याला व सुनेला तिची ती भेट. सून त्या वेळीं गर्भवती होती. त्यांच्या सांगण्याप्रमाणें, निघतांना आत्यानें एक पुडकें दिलें, आंत जर्दा आहे असें सांगितलें आणि तेथील एका स्नेह्यास तें द्यावयास बजावलें. दोह्याच्या विमानतळावर सामान तपासलें गेलें, तेव्हां त्यांत चार किलोहून अधिक चरस निघाला. दोघांसही प्रत्येकीं दहा वर्षें कारावास व तीन लाख रियाल दंड अशी शिक्षा झाली. फेब्रुवारी २०२० मध्यें त्या मुलीची प्रसूति कैदेंतच झाली व तिला कन्यारत्न झालें.

पुढें जें घडलें तें केवळ एका बापाच्या चिकाटीनें घडलें. मुंबईंतच राहिलेल्या जावयाच्या एका फोनमध्यें आत्याशीं झालेलें बोलणें मुद्रित झालेलें सांपडलें. तें घेऊन मुलीचे वडील केंद्र सरकारच्या नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोकडे गेले. ब्यूरोनें तपास करून आत्याला व तिच्या साथीदाराला पकडलें. कागदपत्रें वकिलातीमार्फत कतारला पोंचलीं. तेथील वरिष्ठ न्यायालयानें खटला पुन्हां चालविण्यास सांगितलें आणि मार्च २०२१ मध्यें दोघेंही निर्दोष सुटलीं. एप्रिलांत तीं मुंबईस परतलीं, तेव्हां कडेवरच्या मुलीला वर्ष उलटून गेलें होतें. पावणेदोन वर्षें! आणि तीं देखील एक फोन घरीं राहिला म्हणून पावणेदोन, नाहींतर दहा.

येथें कोणी म्हणेल कीं, निरपराध माणसास शिक्षा होतेच कशी? शाळेंत असतांना आम्हांलाही असेंच वाटे कीं, अपराध म्हणजे अपराधाची बुद्धि. कायद्याची रीत मात्र निराळी आहे. ज्याच्या ताब्यांत वस्तु सांपडली, त्याला ती ठाऊक होती असें कित्येक देशांत आधीं गृहीत धरतात. ठाऊक नव्हती हें त्यानें सिद्ध करावयाचें. सिंगापूरच्या १९७३ च्या कायद्यांत हें गृहीतक स्पष्ट शब्दांत लिहिलें आहे, आणि तेथें १५ ग्रॅमहून अधिक शुद्ध हेरॉइनच्या किंवा ५०० ग्रॅमहून अधिक गांजाच्या व्यापाराला फांशीची शिक्षा सांगितली आहे. १५ ग्रॅम म्हणजे सुमारें सव्वा तोळा. आपल्या घरांतील एखाद्या बांगडीचें वजन. नुसत्या निरोप्यास न्यायाधीशानें प्राणदान द्यावें अशी थोडी वाट २०१२ सालीं ठेवण्यांत आली खरी; पण त्यालाही अटी आहेत, आणि २०२२ व २०२३ या सालींही तेथें फांशी दिल्या गेल्या. परकीयांना नांवें ठेवण्याचें मात्र कारण नाहीं. आपल्या १९८५ च्या कायद्यांतही हेंच गृहीतक आहे, व मोठ्या प्रमाणास दहापासून वीस वर्षांपर्यंत कारावास आहे. फरक इतकाच कीं, येथें वकील आपल्या भाषेंत बोलतो आणि तुरुंगाच्या दारापर्यंत आई डबा घेऊन जाऊं शकते.

आत्या तरी घरची होती. एप्रिल २०२३ मध्यें मुंबईची एक नटी कामाच्या चांचणीसाठीं म्हणून शारजास गेली. बरोबर न्यावयास तिला एक विजयचिन्हाचा चषक देण्यांत आला होता. त्याच्या पोकळींत मादक द्रव्य भरलेलें होतें. मुंबई पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणें हा सारा बनाव एका क्षुल्लक भांडणाचा सूड म्हणून रचला गेला होता. आरोपी मुंबईंत पकडले गेले, म्हणून ती कैदेंतून महिन्याच्या आंत सुटली. तरी घरीं परतावयास तिला ऑगस्ट उजाडला. आमच्या पेणेंत गणपतीच्या मूर्ति घडतात व त्या परदेशींही जातात. ती बातमी वाचल्यापासून कोणी पोकळ मूर्ति कागदांत गुंडाळून "एवढी लंडनला न्या" म्हणालें, कीं आमच्या मनांत तो चषक येतो. देवाविषयीं असा विचार येऊं नये, पण येतो.

असो. तर रोह्याच्या त्या माजघरांत अखेर गृहस्थच म्हणाले, "उघडा मास्तर, तुमचें समाधान होऊं द्या." त्यांच्या आवाजांत राग नव्हता, राग असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. शिवण उसवली. आंत पापड निघाले, मेतकुटाची पुडी निघाली आणि गोळ्यांच्या दोन पट्ट्या निघाल्या. मेहुण्याची पाठ दुखते; येथल्या वैद्यबुवांच्या नव्हे, चांगल्या डॉक्टरांच्या गोळ्या त्याला लागू पडल्या होत्या, म्हणून पाठविल्या. सूनबाईंनीं, म्हणजे मुलाच्या आईनें, पट्टीवरील बारीक अक्षरें वाचलीं व फोनवर शोध घेतला. औषधाचें नांव ट्रामाडॉल. आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारें हें वेदनाशामक संयुक्त अरब अमिरातींत नियंत्रित द्रव्यांत मोडतें. तेथल्या आरोग्य खात्याच्या पूर्वपरवानगीवांचून तें नेतां येत नाहीं. आणि येथें तर औषध एकाचें, नेणारा दुसरा. इजिप्तमध्यें २०१७ सालीं एका इंग्रज बाईनें आपल्या स्नेह्याच्या पाठदुखीसाठीं याच औषधाच्या २९० गोळ्या नेल्या, आणि तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. तिकडेही पाठदुखीच!

गृहस्थ पांढरेफटक पडले. त्यांच्या मनांत कांहीं पाप नव्हतें, हें आम्हांस पुडकें उघडण्यापूर्वींही ठाऊक होतें. आम्हांस त्यांच्या हेतूची शंका नव्हतीच. शंका पुडक्याची होती. पण हें त्या वेळीं आम्हांस नीट सांगतां आलें नाहीं. तें येथें लिहीत आहों.

पण खरी फजिती पुढेंच आहे. ते गृहस्थ गेल्यावर आम्ही विजयी मुद्रेनें सुपारी कातरीत बसलों होतों. सूनबाई अजून फोनवर वाचीत होत्या. त्यांनीं हळूच विचारलें, "मामा, अक्कांच्या डब्यांत काय आहे?" डब्यांत अनारसे होते. अक्काचे अनारसे साऱ्या आळींत प्रसिद्ध आहेत. जाळीदार, आणि पाठीवर खसखस अशी दाट कीं पीठ दिसूं नये. करंज्यांच्या सारणांतही भाजलेली खसखस. ही खसखस अमिरातींत निषिद्ध आहे; सौदी अरेबियांत व सिंगापुरांतही निषिद्ध आहे. २००८ सालीं दुबईच्या विमानतळावर एका स्विस माणसाच्या कपड्यांवर पावाचे तीन दाणे खसखशीचे सांपडले व त्याला चार वर्षांची शिक्षा झाली, असें तेव्हां वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालें होतें. २०२१ च्या नव्या कायद्यानें तेथें पहिल्या अपराधाची शिक्षा पुष्कळ सौम्य झाली आहे. तरी अक्काच्या डब्यांत तीन नव्हे, तीन हजार दाणे असतील.

अक्काला हें पटेना. "खसखस आणि अफू? बाळंतिणीला देतात ती खसखस?" आम्हीं तिला समजावून सांगितलें कीं, दोन्ही एकाच बोंडांतलीं. कोंवळ्या बोंडाला चिरा पाडल्या कीं चीक गळतो, ती अफू. बोंड वाळलें कीं आंतलें बीं ती खसखस. संस्कृतांत अफूला अहिफेन म्हणतात, म्हणजे सापाचा फेस. त्या सापाचीं हीं गरीब अंडीं. बियांत स्वतः मद नसतो, परंतु चिकाचा अंश वरून लागलेला राहूं शकतो, आणि तो तपासणींत दिसतो. आपल्या सरकारच्या परवान्यानें नीमच-मंदसोराकडे व राजस्थानांत हें पीक निघतें, म्हणून आपल्या वाण्याकडे खसखस राजरोस मिळते. जातिफलादि चूर्णाचीही तीच कथा. पोटासाठीं घरोघर असणाऱ्या त्या चूर्णांत भांग असते, हें किती जणांस ठाऊक असेल?

या ठिकाणीं इतिहासाची एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. १८३९ सालीं चीनच्या बादशहाचा अधिकारी लिन यानें कँटनला वीस हजारांहून अधिक अफूच्या पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेली माळव्याची अफू पुष्कळ होती. ते मुंबईचे व्यापारी मात्र जाणूनबुजून परक्या देशाचा कायदा मोडीत होते. त्यांच्यांतील कित्येकांस पुढें मोठा मान मिळाला, आणि अनारसे नेणाऱ्याला बेडी.

मुलगा दुसऱ्या दिवशीं निघाला तो रात्रभर सामान पुन्हां भरून. विमानतळावर विचारतात, "हें सामान तुम्हीं स्वतः भरलें काय? कोणीं कांहीं दिलें काय?" त्याला खरें उत्तर देतां आलें पाहिजे, एवढाच आमचा हट्ट होता. त्याच्या स्वतःच्या खोकल्याच्या औषधांत कोडीन निघालें, तेंही काढलें. ज्यांना झोपेचीं वा मनाच्या विकाराचीं औषधें रोज लागतात, त्यांनीं त्या देशाच्या आरोग्य खात्याची परवानगी आधीं काढावी, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजींत घ्यावी आणि औषध मूळ वेष्टनांतच ठेवावें. प्रसंग आलाच, तर आपल्या वकिलातीस कळवा असें म्हणण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारानें प्रवाशास दिला आहे. न कळणाऱ्या भाषेंतील कागदावर सही करण्यापूर्वीं तो हक्क आठवावा. मार्च २०२५ मध्यें सरकारनें संसदेंत सांगितलें कीं, सर्व गुन्हे मिळून दहा हजारांहून अधिक भारतीय परदेशांच्या तुरुंगांत आहेत. त्यांत पुडकीं पोंचवावयास निघालेले किती, हें त्या आंकड्यांत लिहिलेलें नाहीं.

अक्कानें त्या रात्रीं डबा फोडून अनारसे आम्हांपुढें ठेवले व एक शब्द न बोलतां निजावयास गेली. आम्ही दोन दिवस तेच खात होतों. पाडव्यास तिनें नव्यानें केले, ते तांदळाच्या जाड रव्यावर थापून; मुलाच्या एका सोबत्याबरोबर, त्याच्यासमोर डबा उघडून दाखवून, तिनें ते धाडले. दुबईहून फोन आला, "अक्काआजी, अनारसे बोडके झाले, पण चव तीच आहे." ती हसली. आमच्याशीं मात्र तिनें त्या दिवशीं देखील मोजकेंच बोलणें केलें.

अष्टमीच्या गृहस्थांचे पापड व मेतकूट मुलानें नेऊन दिलें. गोळ्यांच्या त्या दोन पट्ट्या रोह्याच्या घरीं फडताळांत आहेत. "येऊन घेऊन जा," असा निरोप आम्हीं दोनदां पाठविला. ते अद्याप आलेले नाहींत.