कौलावरचा मासळीचा काटा

कोकणात हल्ली पाहुण्याच्या हाती पाण्याचा तांब्या देतानाच सूचना मिळते, ‘फोन करायचा तर खळ्यात फणसाखाली जा.’ प्रत्येक वाडीत अशी एक ‘रेंजची जागा’ ठरलेली असते. राजापूरकडच्या आमच्या गावी ती म्हणजे वरचा सडा. २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा माझी पुतणी वह्या आणि छत्री घेऊन तिथे जाऊन बसे. शाळा उघडल्या, पण सडा सुटला नाही. प्रवेशाचे अर्ज, बँकेचे व्यवहार, आईचे डॉक्टरांशी व्हिडिओवरचे बोलणे, सगळ्याला नेट हवे आणि आईला तर सडा चढवत नाही. शेवटी भाऊ म्हणू लागला, घराला कुलूप लावू आणि पनवेलला बिऱ्हाड करू. तेव्हा मी या विषयात डोके घातले.

पहिली गोष्ट कळली ती ही, की पुष्कळ घरांत रेंज दारापर्यंत आलेली असते. जांभ्याच्या जाड भिंती ती शोषतात आणि पत्र्याचे छप्पर परतवून लावते. मग उपाय सोपा. लहरीला आत बोलावण्याऐवजी आपणच उंच जाऊन तिला गाठायचे.

हे आपल्याला नवे नाही. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा एक जण कौलावर आणि एक जण टीव्हीसमोर, असा ‘मुंग्या गेल्या का?’ हा संवाद कित्येक घरांत झाला असेल. मासळीच्या काट्यासारखी ती अँटेना जपानमधील उदा आणि यागी यांनी १९२६च्या सुमारास जगापुढे मांडली. एकाच दिशेला कान लावून ऐकणे हे तिचे बळ. माळ्यावरची जुनी अँटेना मात्र इथे चालत नाही. आपल्याकडे ४-जी मुख्यतः ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालते, त्यासाठी काट्याच्या काड्या बऱ्याच आखूड लागतात.

फोनला अँटेना जोडायची सोय नसते. म्हणून सिमकार्ड बसणारा आणि बाहेरची अँटेना जोडता येणारा राउटर घ्यावा, तो घरात वाय-फाय देतो. ४-जी एकाच वेळी दोन वाटांनी येते, म्हणून अँटेनाही दोन, एक डावीकडे आणि एक उजवीकडे कललेली. आणि खरी गोम केबलमध्ये आहे. दहा मीटर पातळ केबल मिळवलेल्या शक्तीतला तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वाटेतच खाऊन टाकते. केबल जाड आणि आखूड घ्यावी, किंवा राउटरच वर पेटीत बसवून खाली नेटची साधी तार आणावी.

दिशा ठरवताना फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नये. राउटर डीबीएममध्ये आकडा दाखवतो. उणे ११० म्हणजे रडतखडत, उणे ९० म्हणजे बरे, आणि दर तीन अंकांना शक्ती दुप्पट. आमचा आकडा उणे ११२ वरून उणे ९४ वर आला. आईने स्वयंपाकघरात बसून डॉक्टरांना गोळ्यांची पाकिटे दाखवली. बिऱ्हाडाचा विषय तूर्त मागे पडला आहे.

दोन इशारे. बाजारात ‘बूस्टर’ म्हणून मिळणारी यंत्रे परवानगीशिवाय लावणे बेकायदा आहे, कारण त्यांमुळे शेजाऱ्यांचे नेटवर्क बिघडते. शिवाय विजांच्या दिवसांत अँटेनाला अर्थिंग हवेच.

पण अँटेना हे टॉवरचे काम करीत नाही. ती आहे ती रेंज गोळा करते, नाही ती निर्माण करीत नाही. म्हणून खरेदीपूर्वी फोन घेऊन छपराच्या उंचीवर जाऊन बघा. तिथेही शुकशुकाट असेल तर पैसे घालू नका. ग्रामसभेत टॉवरचा विषय मांडा. ज्याला अँटेना परवडते त्याच्याच मुलीने घरी बसून अर्ज भरावा आणि शेजारच्या पोरीने सडा चढावा, हे काही बरे नव्हे.