व्यवसाय-प्रशिक्षण : नाराजी कशाची?

"आजकालच्या मुलांना हाताने काम करायला नको, सगळ्यांना खुर्ची हवी," हे वाक्य आपण सर्वांनी घरात, पारावर, एस.टी.च्या थांब्यावर आणि क्वचित वर्गातही ऐकलेले आहे. तांत्रिक व्यवसायाचे शिक्षण घेणारा मुलगा तक्रार करू लागला की हे वाक्य हमखास पुढे येते आणि तक्रारीचा विचार तेथेच संपतो. कला शाखेत प्रवेश घेण्यापूर्वी मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री, म्हणजे आपल्या बोलण्यातील इलेक्ट्रिशियन, या व्यवसायाचे दोन वर्षांचे प्रशिक्षण पूर्ण केले आहे. असे प्रमाणपत्र पेटीत ठेवून बी.ए.ला आलेले आणखीही काही जण आपल्यात आहेत. आमची नाराजी हाताच्या कामावर मुळीच नाही. हाताला काम शिकवू असे सांगून ते पुरते शिकवले गेले नाही, आणि जे शिकलो त्याला दाम मिळाला नाही, यावर आहे. हे म्हणणे जरा विस्ताराने मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम ही व्यवस्था कशी उभी राहिली ते पाहू. केंद्र सरकारने १९५० साली शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. १९५६ मध्ये संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. पुढे १९६१ साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला. जोडारी, कातारी, संधाता, तारतंत्री, वीजतंत्री असे व्यवसाय संस्थेत एक-दोन वर्षे शिकावेत, नंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून काम करावे आणि मग नोकरीस लागावे, अशी ही तीन पायऱ्यांची कल्पना होती. कल्पना चांगली होती. परंतु संस्थेच्या जवळपास कारखाना असेल, हे तिने गृहीत धरले होते.

आता आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. खामगाव, मलकापूर येथील औद्योगिक वसाहती, कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग गिरण्या, डाळ मिल आणि तेलगिरण्या सोडल्या तर घाटाखाली काय किंवा घाटावर काय, आपला बहुतेक संसार शेतीवरच चालतो. मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगावमार्गे घाटाखालून जातो; जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, बुलढाण्याला, आगगाडी येत नाही. त्यामुळे तिसऱ्या पायरीवर पाय ठेवायचा म्हणजे जालना, वाळूज किंवा थेट चाकण गाठावे लागते. पायऱ्या तीनच असल्या, तरी दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये फार मोठे अंतर आहे.

तक्रारींपैकी पहिली कार्यशाळेबद्दलची आहे. आमच्या तुकडीत वीस-पंचवीस मुले होती आणि उघडून पाहता येईल अशी मोटर एकच होती. तांब्याची तार महाग, म्हणून तीच गुंडाळी काढायची आणि तीच पुन्हा भरायची. दोन वर्षांत मी स्वतःच्या हाताने एकही मोटर सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरली नाही. निदेशक मनापासून शिकवत. पण दुसरी जागा रिकामी असल्याने एकाच माणसाला दोन तुकड्या सांभाळाव्या लागत. मग काम थांबे आणि जर्नल उतरवणे सुरू होई. परीक्षेची पद्धतही स्थिर राहिली नाही. २०१३ साली सत्र पद्धती आली, २०१८ पासून पुन्हा वार्षिक पद्धती आली. लेखी परीक्षा संगणकावर चार पर्यायांतून एक निवडण्याची झाली. चार उत्तरांपैकी योग्य उत्तर ओळखता येणे आणि पावसात विहिरीवर बंद पडलेला पंप सुरू करता येणे, या दोहोंत किती फरक आहे हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको.

दुसरी तक्रार पैशाची आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये शिकाऊ उमेदवारीचे नियम बदलले, तेव्हा आमच्यासारख्या प्रमाणपत्रधारकाचे किमान विद्यावेतन दरमहा ७,००० रुपये ठरले. पुण्यासारख्या ठिकाणी खोलीचे भाडे, खानावळ आणि सणावाराला गावी येण्याजाण्याचा खर्च यांची बेरीज ज्याने केली आहे, त्याला या आकड्याचा अर्थ लगेच कळेल. शिवाय वर्ष संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे, असे सरसकट बंधन कायद्याने मालकावर घातलेले नाही. उमेदवारी संपते, पुढची तुकडी येते, आणि आपण अनुभवाचा कागद घेऊन परत फिरतो.

राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यास ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये दरमहा, मुदत सहा महिने. २०२५ मध्ये ही मुदत पाच महिन्यांनी वाढवली. मुदत संपत आली तेव्हा याच प्रशिक्षणार्थींनी, आम्हाला कायम करा, या मागणीसाठी राज्यात आंदोलने केली. प्रशिक्षण कशासाठी, हा प्रश्न अनुत्तरित ठेवला की त्याचा शेवट असा होतो.

तिसरी तक्रार बोलून दाखवली जात नाही, पण ती सर्वांत जास्त लागते. दहावीला कमी गुण पडले की नातेवाईक म्हणतात, "टाका याला आयटीआयला." 'टाका' हा शब्द मुद्दाम लक्षात घ्या. हुशार मुलाला विज्ञान शाखेत 'घालतात', आणि मागे पडलेल्याला येथे 'टाकतात'. जो मार्ग नापासांसाठी राखून ठेवला आहे असे गावच मानते, त्या मार्गावरच्या मुलाने अभिमानाने चालावे कसे? दोन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे खरे. पण तेथील गणित पेलेल इतकी तयारी वाट्याला आलेली नसते, म्हणून हे दार उघडे असूनही अनेकांना आत जाता येत नाही.

ही दुखणी काही कालपरवाची नाहीत. कोठारी आयोगाने १९६६ सालच्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला आणि दहावीनंतरचे निम्मे विद्यार्थी व्यवसाय-शिक्षणाकडे वळावेत, असे चित्र रेखाटले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने लक्ष्य ठेवले ते १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के. १९९२ मध्ये धोरणात दुरुस्ती झाली, तेव्हा तेच आकडे कायम ठेवून साल मात्र १९९५ आणि २००० असे पुढे ढकलले. २०२० च्या धोरणाने पुन्हा म्हटले की २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय-शिक्षणाची ओळख व्हावी. तीन पिढ्यांची मुले एकाच अभ्यासक्रमापासून दूर राहतात, तेव्हा त्या साऱ्यांनाच आळशी ठरवण्यापेक्षा अभ्यासक्रमाकडे पाहणे अधिक शहाणपणाचे नाही काय?

या बाबतीत फिलिप फॉस्टर या समाजशास्त्रज्ञाचा १९६५ सालचा एक निबंध विचार करायला लावतो. आफ्रिकेतील घाना देशात लोक म्हणत, पुस्तकी शाळांमुळे मुलांना कारकुनीची चटक लागली. शाळांत शेती आणि सुतारकाम शिकवा म्हणजे ती सुधारतील. फॉस्टरने दाखवून दिले की मुलांचा हिशेब बिनचूक होता. कारकुनाला पगार जास्त आणि नोकरी पक्की, म्हणून मुले कारकुनीकडे जात. बाजारात कारागिराला मान आणि दाम नसेल, तर केवळ वर्गातला विषय बदलून मुलांचे मन बदलत नाही. या समजुतीला त्याने 'व्यवसाय-शाळेचा भ्रम' म्हटले. घाना दूर आहे, पण हा हिशेब आपल्या वाड्यावस्त्यांवरचाच आहे. गावात कधीही आयटीआयची पायरी न चढलेला मिस्त्री असतो. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत मोटर जळाली की शेतकरी त्याच्याच दारात उभा राहतो, आणि रोख पैसे मोजून मोटर भरून नेतो. त्याच गावातला प्रमाणपत्रधारक मुलगा भरतीच्या जाहिराती वाचत बसलेला असतो. गावाला काम करणाऱ्याची गरज आहे आणि मुलाला कामाची. पण या दोघांची गाठ घालून देणारे शिक्षण मध्ये नाही.

या विषयावरील भाषणांत जर्मनीचे उदाहरण हटकून येते. २०२० च्या धोरणातही आकडे आहेत : रीतसर व्यवसाय-शिक्षण घेतलेल्यांचे प्रमाण जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के, तर आपल्याकडे १९ ते २४ वयाच्या कामगारांत ५ टक्क्यांहूनही कमी. आकडे सांगितले जातात, पद्धत सांगितली जात नाही. जर्मनीत मुलगा आधी एखाद्या कारखान्याशी किंवा कारागिराशी करार करतो, पहिल्या वर्षापासून वेतन घेतो, आठवड्यातील बहुतेक दिवस तेथे काम करतो आणि एक-दोन दिवस व्यवसाय-शाळेत जातो. म्हणजे तेथे काम आणि शाळा जोडीने चालतात. आपल्याकडे आधी शाळा, आणि काम मिळाले तर नंतर.

पण जेथे कारखानेच थोडे, तेथे काय करावे? याचे एक उत्तर महाराष्ट्रातच सापडते. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ या कोरडवाहू गावी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली मुलेही तेथे आली. त्यांना वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, आरोग्य असे निरनिराळे विषय शिकवले गेले, आणि तेही गावाला खरोखर हवी असलेली कामे करता करता. लोखंडी फाटक हवे असेल तर मुलांनी ते बनवायचे, त्याचा खर्च काढायचा आणि घेणाऱ्याने पैसे द्यायचे. वस्तू वाकडी झाली तर गिऱ्हाईकच परत करते, म्हणून तेथे परीक्षकाची उणीव भासत नाही. हाच विचार पुढे आठवड्यातून एक दिवस या प्रमाणात काही माध्यमिक शाळांतही गेला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेबाहेरची पहिली 'फॅब लॅब' २००२ साली उभी राहिली ती याच पाबळमध्ये. कलबाग २००३ मध्ये वारले. आश्रमाचे काम त्यांच्यामागेही सुरू राहिले.

हाताने शिकण्याचा विचार आपल्याला परका नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध, हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असे मांडले होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या विदर्भातील वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना पुढे ठेवली. मात्र एक सावधगिरी हवी. ज्या देशात जातीने कामे वाटली, तेथे गरिबाच्या मुलाला 'तू हातोडाच धर' असे सांगणारे शिक्षण संशयाने पाहिले जाणारच. म्हणून कारागिराच्या मुलाला हवे तेव्हा पदवीकडे जाण्याची वाट मोकळी हवी, आणि प्राध्यापकाच्या मुलाच्या हातीही कधीतरी पाना यावा. असे झाले तरच 'टाका' हा शब्द गळून पडेल.

मग आपण मागायचे काय? मोठ्या घोषणांची गरज नाही. दर तुकडीला पुरेशी तार, पुरेसे लोखंड आणि चालू स्थितीतली यंत्रे मिळावीत. निदेशकांच्या रिकाम्या जागा भराव्यात. पंप, ट्रॅक्टर, ठिबक संच, सौर पंप यांची दुरुस्ती प्रशिक्षणार्थींनी गावोगाव जाऊन, रास्त दर घेऊन करावी आणि ती त्यांच्या परीक्षेत धरली जावी. गावातल्या जाणत्या मिस्त्रीला, त्याच्याजवळ पदवी नसली तरी, मानधन देऊन शिकवायला बोलवावे. आणि संस्थेतून बाहेर पडलेला प्रत्येक मुलगा दोन वर्षांनी काय करतो, याची नोंद संस्थेने ठेवून ती दाराशी लावावी. म्हणजे प्रवेश घेणाऱ्याला आपला हिशेब आधीच करता येईल.

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. परंतु आपल्याही पदवीपुढे हाच प्रश्न उभा आहे, आणि 'मुलांना कष्ट नकोत' हेच उत्तर आपल्यालाही ऐकवले जाते. आपल्याजवळ निदान वाचण्या-लिहिण्याचे साधन आहे. कार्यशाळेतल्या मित्रांचे म्हणणे नीट मांडण्याचे काम आपण करू शकतो. प्राध्यापकवर्गाने व विद्यार्थी बंधुभगिनींनी या प्रश्नाकडे सहानुभूतीने पाहावे आणि पुढच्या वेळी कोणी 'याला टाका' म्हणाले, तर त्यांना थांबवून दोन प्रश्न विचारावेत : तेथे तो काय शिकणार, आणि शिकल्यावर त्याला काम कोण देणार?