शेळी विकू नका, गोठा बदला

गेल्या श्रावणात पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी तापाने फणफणत माझ्या दवाखान्यात आल्या. पोटऱ्या विलक्षण दुखत होत्या, डोळे लाल झाले होते. पायाला भेग असताना त्या गोठ्याच्या चिखलात अनवाणी वावरत होत्या. तपासणीत लेप्टोस्पायरोसिस निघाला. उपचार वेळेवर मिळाले, आजी बऱ्या झाल्या. मुंबईहून धावत आलेल्या मुलाने मात्र ठरवून टाकले : दोन्ही शेळ्या विकायच्या, परसबाग बंद. मीही मान डोलावली.

दिवाळीनंतर आजी पुन्हा आल्या. ताप नव्हता; पण वजन उतरले होते, झोप उडाली होती, चालताना तोल जात होता. "डॉक्टर, पहाटे उठून आता करू काय?" या प्रश्नावर माझ्याजवळ औषध नव्हते.

शेळ्यांना फणसाचा पाला घालणे, अळ्यांना पाणी देणे, मांडवावरची पडवळे काढणे, हाच आजींचा व्यायाम होता. उतारवयात हालचाल थांबली की स्नायू झपाट्याने क्षीण होतात आणि पडण्याचा धोका वाढतो. रोग टाळण्यासाठी आपण कामच काढून घेतले. बदलायला हवी होती ती कामाची रीत.

रत्नागिरीच्या पावसाळ्यात गोठा कोरडा राहणे महत्त्वाचे. शेळीला ओल सोसत नाही. म्हणून जमिनीपासून उंच, फटी असलेला लाकडी माळा करावा. लेंड्या व मूत्र खाली पडते, जागा कोरडी राहते. उंदरांच्या मूत्रातूनही लेप्टोचे जंतू पसरतात, म्हणून खाद्य झाकून ठेवावे. गोठ्यात जाताना गमबूट आणि हातमोजे घालावेत. जखम असेल तर ते काम घरातील दुसऱ्याने करावे. शेळीचे दूध उकळूनच प्यावे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो व त्याचा ताप आठवडेच्या आठवडे रेंगाळतो.

परसबागेत पावसाळ्यात भेंडी, दोडकी, काकडी. पाऊस ओसरल्यावर लाल माठ, मुळा, वांगी, वाल लावावेत. वाफे कमरेइतके उंच केल्यास वाकावे लागत नाही. लेंडीखत पूर्ण कुजवूनच वापरावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

जांभ्या दगडांच्या गडग्यात फुरसे आणि लाल विंचू दडून बसतात. फटीत हात घालू नये, अंधारात विजेरी घेतल्याविना जाऊ नये. विंचूदंशावर प्राझोसिन गुणकारी ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले आणि अनेकांचे प्राण वाचले. दंश झाल्यास चिरू नये, आवळून बांधू नये. थेट रुग्णालय गाठावे. पावसाळ्यात ताप आला तर 'गोठ्यात काम करतो' हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.

आजींच्या मुलाला मी बोलावून घेतले आणि माझा सल्ला चुकला होता, हे मान्य केले. त्याने उंच माळा बांधला, गमबूट आणले. शेण-लेंड्या उपसण्याचे काम शेजारच्या मुलाकडे दिले. एकच शेळी आली. परवा आजी रक्तदाब तपासायला आल्या, त्या पिशवीत वालाच्या शेंगा घेऊन. "शेळी गाभण आहे, लवकर सोडा," म्हणाल्या. मी त्यांना थांबवले नाही.